मन मोकळें करण्याच्या बैठका

इतिहास म्हटला कीं आपणांस राजे, लढाया आणि तह आठवतात. ज्या वाशीम गांवीं माझें सारें आयुष्य गेलें, तें गांव एके काळीं वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. त्या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्यें वाशीम येथेंच उजेडांत आला. कोणतें गांव कोणास दान दिलें, हें त्या पत्र्यांवरून आज दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरहि कळतें. परंतु त्याच काळीं पीक बुडालेला एखादा कुणबी रात्रीं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून काय बोलला, आणि तें ऐकून त्या शेजाऱ्यानें काय केलें, हें कोणत्याहि ताम्रपटावर कोरलेलें नाहीं. माणसाचें दुःख हलकें करण्याच्या विद्येचा इतिहास असा बहुतांशीं अलिखितच राहिला आहे. त्याचें एक अर्वाचीन प्रकरण मात्र बऱ्यापैकीं लिहून ठेवलेलें आहे. तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. तें प्रकरण म्हणजे दहापंधरा माणसांनीं वर्तुळ करून बसणें, आपापलें मन मोकळें करणें आणि तेवढ्यानें बरें होणें, किंवा निदान बरें होण्याच्या वाटेस लागणें.

या प्रकरणाचा आरंभ सोयीसाठीं १९०५ या वर्षीं धरूं. त्या वर्षीं इंग्रज सरकारनें वऱ्हाडांतील जिल्ह्यांची नवी मांडणी केली आणि वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांत घातले. गेलेला जिल्हा परत येण्यास ९३ वर्षें लागलीं. तो १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून पुन्हां वेगळा झाला. त्याच १९०५ सालीं अमरावती जिल्ह्यांतील डेबूजी झिंगराजी जानोरकर हा परीट जातीचा तरुण घरदार सोडून बाहेर पडला. पुढें सारा महाराष्ट्र त्यास गाडगेबाबा म्हणूं लागला. आणि त्याच वर्षीं, जुलै महिन्यांत, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जोसेफ प्रॅट नांवाच्या एका डॉक्टरनें क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. या तीन गोष्टींचा एकमेकींशीं कांहींहि संबंध नव्हता. तरी आजच्या आपल्या विषयांत त्या तिन्ही येऊन मिळतात.

प्रॅट यांचे रोगी गरीब होते. डोंगरावरील आरोग्यधामाचा खर्च त्यांस झेपण्यासारखा नव्हता. विश्रांति, मोकळी हवा आणि पुरेसें अन्न एवढाच त्या काळीं क्षयावर उपाय होता, आणि तो घरच्या घरीं नेमानें पाळावयाचा होता. म्हणून प्रॅट यांनीं रोग्यांना रोजनिशी ठेवावयास सांगितली आणि आठवड्यांतून एकदां सर्वांस एकत्र बोलावून त्या तपासावयास आरंभ केला. वैद्यानें एकाच वेळीं पुष्कळांस सूचना द्याव्या, एवढाच मूळ हेतु. परंतु थोड्याच काळांत त्यांच्या लक्षांत आलें कीं रोग्यांस धीर येतो तो डॉक्टरच्या सूचनांपेक्षां शेजारच्या खुर्चीवरील रोग्याकडे पाहून. गेल्या महिन्यांत आपल्याइतकाच खंगलेला मनुष्य आज चार पौंड वजन वाढल्याचें सांगतो, हें ऐकणें हेंच एक औषध होतें. वर्ग हें साधन होतें, तें आतां उपचार झालें. समूहोपचाराच्या पाश्चात्य इतिहासांत पहिलें पान बहुधा या वर्गाचें असतें.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी हे दारूच्या नादीं लागून संसाराची धूळधाण करून अकालीं गेले. घर दारूनें कसें बुडतें हें मुलानें पुस्तकांत वाचलें नव्हतें, तर पाहिलें होतें. पुढें बाबा हातांत खराटा घेऊन गांवोगांव फिरले. दिवसा गांव झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तन करावयाचें, हा त्यांचा क्रम. त्या कीर्तनाची रीत मात्र नेहमींच्या हरिदासांहून वेगळी होती. बाबा स्वतः निरक्षर. ते निरूपण करीत नसत, प्रश्न विचारीत. कर्ज काढून जेवणावळी घालाव्या काय, देवापुढें मुकें जनावर मारावें काय, माणसानें माणसाचा विटाळ धरावा काय, असें ते विचारीत आणि हजारों लोक एका स्वरांत उत्तर देत. उत्तर लोकांच्याच तोंडून बाहेर पडे. एकदां स्वतःच्या तोंडून निघालेलें उत्तर मनुष्यास घरीं गेल्यावरहि सहजासहजीं नाकारतां येत नाहीं. शिक्षकाच्या पेशांत सारा जन्म घालविलेल्या मनुष्यास या रीतीचें मर्म ताबडतोब पटेल. सांगितलेलें विसरतें, स्वतः काढलेलें उत्तर विसरत नाहीं.

तथापि प्रॅटचा वर्ग आणि बाबांचें कीर्तन यांत एक मोठा भेद आहे, आणि तो लपवून चालणार नाहीं. कीर्तनास हजारों माणसें जमत. तेथें समुदायास बोलतां येई, परंतु त्यांतील एकट्या माणसास आपली स्वतःची गोष्ट सांगतां येत नसे. दारू वाईट असें सर्वांबरोबर ओरडणें सोपें. मी काल रात्रीं प्यालों आणि बायकोवर हात टाकला, हें सांगणें अवघड. त्यासाठीं लहान बैठक लागते.

अशा लहान बैठकीची बीजें आपल्याकडे नव्हतीं असें नाहीं. १९३५ मध्यें तुकडोजी महाराजांनीं अमरावती जिल्ह्यांत मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि गांवोगांव सामुदायिक प्रार्थनेची प्रथा पाडली. जातपात, धर्म व स्त्रीपुरुष हा भेद न ठेवतां सर्वांनीं ठरल्या वेळीं, ठरल्या जागीं, शिस्तीनें बसावयाचें. ज्या गांवांत उंबरठ्याबाहेरच्या माणसास उंबरठ्याच्या आंत घेत नसत, तेथें एका सतरंजीवर सर्वांनीं बसणें हाच केवढा तरी पालट होता.

दुसऱ्या बाजूस पंचांची बैठक होती. ती गांवकीची असो, भावकीची असो वा मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस जे बंजारे बांधव सेवालाल महाराजांच्या दर्शनास येतात त्यांच्या तांड्यांतील नायक-कारभाऱ्यांची असो. तेथेंहि माणसें वर्तुळ करून बसत आणि घरगुती दुःखें तेथेंहि बोललीं जात. परंतु त्या बैठकीचें प्रयोजन न्याय करणें हें होतें. शेवटीं कोणीतरी चुकलेला ठरे आणि त्यास दंड होई. ज्या बैठकीविषयीं मी बोलत आहें तिची पहिली अट हीच कीं तेथें न्यायाधीश नसावा. दिसावयास दोन्ही वर्तुळें सारखींच; पण एकांतून मनुष्य मान खालीं घालून बाहेर पडतो, दुसऱ्यांतून मान वर करून.

न्यायाधीश नसलेली बैठक कशी चालते, याचा सर्वांत मोठा प्रयोग १९३५ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील अ‍ॅक्रन या गांवीं सुरू झाला. दारूनें धंदा बुडालेला एक शेअरदलाल आणि दारूनेंच ग्रासलेला एक शस्त्रवैद्य यांस असें आढळलें कीं एका मद्यासक्तानें दुसऱ्यास आपली हकीकत सांगितली म्हणजे सांगणाराहि त्या दिवसापुरता दारूपासून दूर राहतो. त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना निघाली. तेथें फी नाहीं, आडनांव नाहीं, उपदेशक नाहीं. प्रत्येकानें फक्त स्वतःविषयीं बोलावयाचें आणि इतरांनीं मध्येंच न तोडतां ऐकावयाचें. १९५७ मध्यें ही चळवळ मुंबईस पोंचली. पुढें १९८६ मध्यें डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्तीचें केंद्र काढलें. गर्द या विषारी पदार्थावरील अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं या कार्यास साहाय्य दिलें, हें सर्वश्रुत आहे. मुक्तांगणांत जे बरे झाले तेच पुढें कार्यकर्ते होऊन नव्यांना सांभाळूं लागले. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीं तेथें सहचारी नांवाचा वेगळा गटहि निघाला. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व मला विशेष वाटतें. दारू नवरा पितो आणि लाजेनें मान बायको खालीं घालते, हा आपला नित्याचा अनुभव. तशा दहा जणी एकत्र बसल्या म्हणजे लाज जिच्या वांट्याची नव्हती तिच्या अंगावरून ती उतरूं लागते.

इकडे दुसऱ्या महायुद्धानें या विद्येस निराळीच चालना दिली. रणांगणावर मन खचलेले सैनिक इतके होते कीं एकेकाशीं एकांतांत बोलण्यास मनोवैद्य पुरेनात. इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयांत बायन यांनीं रुग्णांचे गट पाडून गटांचा कारभार त्यांच्याच हातीं देऊन पाहिला. तो प्रयोग सहा आठवड्यांतच वरिष्ठांनीं बंद केला. परंतु तेथेंच पुढें फौल्क्स यांनीं तें काम नेटानें चालविलें. बैठक चालविणाऱ्यास पुढारी म्हणणें फौल्क्स यांस पसंत नव्हतें. ते त्यास कंडक्टर म्हणत. त्यांच्या मनांत वाद्यवृंदाचा संचालक होता. आपणांस तो शब्द ऐकून एस. टी. तला कंडक्टर आठवेल, आणि माझ्या मतें ती उपमाहि वाईट नाहीं. तो गाडी हांकीत नाहीं. मागें कोणी राहिला नाहीं ना, म्हाताऱ्यास जागा मिळाली ना, दार लागलें ना, एवढें पाहतो आणि मग घंटी वाजवितो. हल्लीं शिबिरांतून अशा माणसास सुलभक म्हणतात. मी त्यास साधा चालक म्हणेन.

१९४६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील न्यू ब्रिटन येथें कुर्ट लेविन यांनीं एक शिबिर भरविलें. वंशद्वेष व धर्मद्वेष कमी करण्याचें काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचें तें शिक्षण होतें. दिवसभर गट बसत, आणि रात्रीं संशोधक एकत्र येऊन कोण कसें वागला याची टिपणें ताडून पाहत. एके रात्रीं शिबिरार्थींपैकीं कांहीं जण तेथें येऊन बसले. आपल्या वागण्याचें वर्णन ऐकतांच त्यांतील एक बाई म्हणाल्या कीं तसें मुळींच घडलें नाहीं. वाद झाला, आणि त्या वादांतून सर्वांस जेवढें शिकावयास मिळालें तेवढें दिवसभराच्या व्याख्यानांतून मिळालें नव्हतें. दुसऱ्या रात्रीं बहुतेक सारे शिबिरार्थी येऊन बसले. आपण दुसऱ्यास कसे दिसतों हें कोणी रोष न धरतां सांगितलें तर मनुष्य बदलूं शकतो, हा शोध असा अकल्पित लागला. लेविन १९४७ च्या फेब्रुवारींत वारले. पण त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच वर्षीं बेथेल या गांवीं अशा शिबिरांची कायमची व्यवस्था केली.

येथवर रोग्यांची आणि व्यसनी माणसांची कथा झाली. साठीच्या दशकांत अमेरिकेंत धडधाकट माणसेंहि स्वतःच्या वाढीसाठीं गटांत बसूं लागलीं. कार्ल रॉजर्स यांच्यासारख्या सौम्य आणि श्रद्धावान विद्वानांनीं त्यास प्रतिष्ठा दिली. परंतु प्रतिष्ठेमागून फॅशन आली आणि फॅशनमागून बाजार आला. कोणी गटांत माणसास मुद्दाम रडवूं लागला, कोणी अपमान करून त्याचा अहंकार मोडूं लागला. तेव्हां लीबरमन, यालोम व माइल्स या तिघांनीं विद्यार्थ्यांच्या पुष्कळ गटांची शास्त्रशुद्ध पाहणी करून १९७३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. कित्येकांस लाभ झाला होता. परंतु शंभरांतील सुमारें आठ-नऊ जणांस दीर्घकाळ टिकणारी इजाहि झाली होती. ही इजा विशेषतः कोठें झाली? जेथें चालक तेजस्वी, आग्रही आणि आक्रमक होता, माणसांस जबरीनें उघडें करीत होता, तेथें. चालक कोणत्या पंथाचा आहे यावर फारसें अवलंबून नव्हतें. तो माणसांशीं कसा वागतो यावर होतें. ज्यास लोक भारावून ऐकतात तोच मनुष्य येथें घातुक ठरूं शकतो, ही गोष्ट आपल्यासारख्या वक्तृत्वप्रिय समाजानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

श्रोते हो, बोस्टन आणि बेथेल यांचा हा इतिहास मी वाशीमच्या मनुष्यानें कां सांगावा, असें आपण विचाराल. उत्तर दुःखाचें आहे. २००६ च्या जुलैमध्यें पंतप्रधान विदर्भांत आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत वाशीम होता. कर्ज, नापिकी, भाव हीं कारणें खरींच आहेत, आणि पिकास भाव नसतांना नुसत्या बैठकांनीं पोट भरत नाहीं, हें मी आधींच कबूल करतों. परंतु एकाच शिवारांत, सारख्याच कर्जाखालीं दोघे असतात. एक तग धरतो आणि एक नाहींसा होतो. जो जातो तो बहुधा कोणाजवळ बोललेला नसतो. पारावर राजकारणाची, पावसाची, सोयाबीनच्या भावाची चर्चा रोज होते. परंतु मला रात्रीं झोंप येत नाहीं, हें वाक्य पारावर उच्चारलें जात नाहीं.

तें उच्चारतां यावें असे प्रयत्न झाले आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत ३० खेड्यांतून विश्राम नांवाचा एक उपक्रम दीड वर्ष चालला. गांवांतील कार्यकर्त्यांनीं लहान लहान बैठका घेऊन उदासीनता हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहेत, हें लोकांस समजाविलें. उदासीनतेनें ग्रासलेल्यांपैकीं उपचार मागणारे पूर्वीं शेकडा ४.३ होते, ते शेकडा २७.२ झाले. हा निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. आफ्रिकेंतील युगांडा देशांत तर २००२ मध्यें याहून पुढचें पाऊल टाकलें गेलें. तेथेंहि ३० खेडींच निवडलीं होतीं. थोडक्या दिवसांचें शिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनीं पुरुषांचे आणि स्त्रियांचे वेगळे गट १६ आठवडे, दर आठवड्यास दीड तास बसविले. शेवटीं गटांत बसलेल्यांपैकीं शेकडा ६.५ जणांतच तीव्र उदासीनता उरली होती. ज्या खेड्यांत गट नव्हते तेथें ती शेकडा ५४.७ जणांत होती. बैठक चालविणारे डॉक्टर नव्हते, हें विसरूं नये.

मग आपल्या गांवांत बैठक कोणीं चालवावी? माझ्या समजुतीनें त्यास पदवीपेक्षां तीन गोष्टी अधिक हव्या. पहिली, गप्प बसण्याची शक्ति. शाळेंत प्रश्नानंतर क्षणभर शांतता झाली कीं मास्तर स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. येथें ती शांतता राखावयाची असते, कारण तिच्या पलीकडेच खरें बोलणें असतें. दुसरी, सर्वांस सांभाळण्याची दृष्टि. जो फार बोलतो त्यास हळूच थांबविणें, जो बोलतच नाहीं त्यास न टोचतां वाट करून देणें, आणि कोणी नको म्हटलें तर तें नको मानणें. तिसरी, बैठक वेळेवर सुरू करून वेळेवर संपविण्याची शिस्त. एखाद्या विधवेस चौघांत रडवून, तिचें दुःख उघडें टाकून जीपमध्यें बसून निघून जाणारा मनुष्य चालक नव्हे. उघडलेली जखम बांधल्याशिवाय उठूं नये, आणि पुढच्या आठवड्यास येईन म्हटलें तर यावें.

गुप्ततेचा प्रश्न खेड्यांत विशेष नाजूक असतो. शहरांत आडनांव न सांगतां काम भागतें. खेड्यांत आडनांवच काय, सातबाराहि सर्वांस पाठ असतो. भावकी, उधारी देणारा आणि उधारी घेणारा हे सारे एकाच सतरंजीवर. येथें गुप्तता म्हणजे गोष्ट लपविणें असूं शकत नाहीं, कारण ती आधींच उघड असते. येथें गुप्तता म्हणजे बैठकींत ऐकलेला शब्द उद्यां बांधावरच्या भांडणांत फेंकून न मारणें. एवढा नियम पहिल्याच दिवशीं सर्वांनीं मिळून करावा, आणि देणेंकरी व सावकार यांस एका गटांत बसवूं नये. गावांगावांतील महिला बचत गटांनीं वर्तुळांत बसण्याची आणि हिशेब चोख ठेवण्याची संवय आधींच लावून ठेवली आहे. पैशाच्या हिशेबानंतर अर्धा तास मनाच्या हिशेबास देणें त्यांस अवघड जाऊं नये. पुरुषांस मात्र ही संवय अजून लावावयाची आहे.

शेवटीं मर्यादाहि सांगितली पाहिजे. ज्याच्या बोलण्यांत जीव देण्याचा विचार डोकावूं लागला, त्यास एकट्या बैठकीच्या भरंवशावर सोडूं नये. तसा विचार मनांत आहे काय, हें त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं. त्यास एकटें ठेवूं नये, घरांतील फवारणीचें औषध दूर करावें आणि त्यास जिल्हा रुग्णालयांतील मनोवैद्याकडे घेऊन जावें. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनि-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे. तो क्रमांक प्रत्येक पारावर रंगवून ठेवण्यासारखा आहे.

१९०५ सालीं एक मनुष्य खराटा घेऊन घराबाहेर पडला आणि गांवें झाडूं लागला. रस्त्यावरचा कचरा झाडावयास खराटा पुरतो. माणसाच्या मनांत जें साचतें तें दुसऱ्यास झाडतां येत नाहीं; तें ज्याचें त्यासच बाहेर काढावें लागतें. आपण फक्त दहा माणसें बसतील एवढी सतरंजी अंथरावी, आणि तो बोलूं लागला म्हणजे मध्यें बोलूं नये. तेवढें आपणांपैकीं कोणासहि करतां येईल.